बॉक्स कॉलमचा कुठला वेल्ड भूकंपात दगा देतो?

प्रश्न थोडक्यात असा: चार प्लेटी जोडून केलेला चौकोनी बॉक्स कॉलम आहे, त्याला दोन्ही दिशांनी बीम येतात आणि मोमेंट फ्रेम, म्हणजे बीम आणि कॉलम घट्ट जोडून केलेला सांगाडा, भूकंपप्रवण भागात उभी राहणार आहे. कोपऱ्यांचे लांब सांधे तळापासून वरपर्यंत फुल पेनिट्रेशनच (वेल्ड प्लेटीच्या पूर्ण जाडीत उतरलेला) हवेत का, की पार्शल (काही जाडीपर्यंतच) चालेल? फॅब्रिकेटर आतले डायफ्राम (बीमच्या फ्लँजच्या पातळीला पेटीत बसणाऱ्या आडव्या प्लेटी) इलेक्ट्रोस्लॅगने (बंद पेटीत बाहेरून भरायच्या वेल्डने) करतो म्हणतो, त्यावर भरवसा ठेवावा का? आणि बीमच्या फ्लँजला (वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला) ड्रॉइंगवर नेमकं काय लिहायचं?

तिन्हींची उत्तरं देतो, पण त्याआधी एक सवय मोडायला हवी. वेल्ड म्हटलं की आपण पहिल्यांदा ताकद मोजायला बसतो. खरं तर ताकद हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. योग्य वायर वापरली तर वेल्डचा धातू बहुतेक वेळा प्लेटीपेक्षा मजबूतच असतो. भूकंपात वेल्ड तुटतो तेव्हा तिथे तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: मुळाशी राहिलेली बारीक फट, त्या फटीला आडवी बसणारी ओढ आणि भोवतालचा चिवटपणा नसलेला धातू. म्हणून ड्रॉइंगवरचा वेल्ड दिसला की मी आधी विचारतो, याच्या मुळाशी फट राहणार आहे का, आणि असेल तर ती ओढीच्या दिशेला समांतर आहे की आडवी? आय सेक्शनच्या (इंग्रजी I आकाराच्या) कॉलममध्ये मागच्या बाजूने गाउज करून, म्हणजे खणून, मूळ साफ करता येतं. पेटीचं झाकण एकदा बसलं की आत हात जात नाही. बॉक्स कॉलमच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

आता कोपऱ्याचा लांब सांधा घ्या. पार्शल पेनिट्रेशनमध्ये मुळाशी न वितळलेली फट राहतेच, पण ती कॉलमच्या लांबीला समांतर असते. उभ्या भाराने आणि वाकण्याने येणारा ताणही लांबीलाच समांतर असतो. मधोमध उभी चीर असलेली कागदाची पट्टी चिरेच्याच दिशेने ओढली तर चीर वाढत नाही, तसंच हे. त्यामुळे दोन मजल्यांच्या मधल्या भागात पार्शल पेनिट्रेशन निर्धास्त वापरावं. तिथे फुल पेनिट्रेशन लिहिणं म्हणजे पैसा, वेळ आणि वर कॉलम वाकडा होण्याचा धोका.

बीम जिथे येऊन मिळतो तिथे चित्र पालटतं. एक हिशोब करून बघा. कॉलम ५०० मिमी चौरस, भिंती ३२ मिमी जाड, पोलाद ३५० मेगापास्कलचं. मजला ३.६ मीटरचा. दोन्ही बाजूंचे बीम ६०० मिमी खोल, आणि भूकंपात प्रत्येक बीम कॉलमच्या तोंडाशी १००० किलोन्यूटन-मीटर मोमेंट आणतो. फ्लँजच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर सुमारे ५८० मिमी धरलं तर पॅनेल झोनवर, म्हणजे बीमच्या उंचीतल्या कॉलमच्या तुकड्यावर, ३४५० किलोन्यूटनच्या आसपास शिअर (सरकवणारा जोर) येतो. त्यातून कॉलमचा स्वतःचा शिअर, साधारण ६००, वजा केला तरी २८५० उरतो. तो दोन भिंतींत वाटला जातो आणि कोपऱ्याच्या प्रत्येक सांध्यावर दर मिलिमीटर लांबीला सुमारे ३ किलोन्यूटन सरकण्याचा जोर येतो. ४९० मेगापास्कलच्या वायरसाठी वेल्डच्या गळ्याला (जोर पेलणाऱ्या सर्वात कमी जाडीला) शिअरमध्ये २२० मेगापास्कल धरले तर गळा १४ मिमीचा हवा. बीमच्या वर आणि खाली हाच जोर ०.६४ किलोन्यूटनवर येतो. तिथे ३ मिमीचा गळाही हिशोबात पुरतो, म्हणजे तिथला वेल्ड कमीतकमी मापाच्या नियमानेच ठरेल.

हे झालं नेमक्या या बीमपुरतं. प्रत्यक्षात भूकंप डिझाइनपेक्षा मोठा आला आणि पॅनेल झोन स्वतःच यील्ड झाला (कायमचा ताणला गेला), तर भिंत दर मिलिमीटरला ६.७ किलोन्यूटन देऊ शकते. त्याला पुरे पडायला गळा ३० मिमीच्या वर लागतो, म्हणजे ३२ च्या प्लेटीत जवळजवळ पूर्ण जाडी. दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. बीमचा फ्लँज कॉलमची समोरची भिंत बाहेर खेचतो, त्यामुळे कोपऱ्याच्या सांध्यावर त्या पट्ट्यात आडवी ओढ येते. लांबीला समांतर म्हणून आपण ज्या फटीला माफ केलं होतं, तीच फट इथे उघडायला लागते. म्हणूनच अमेरिकेच्या एआयएससी ३५८ या पोलादी जोडांच्या मानकात बीमच्या वरच्या फ्लँजच्या ३०० मिमी वरपासून खालच्या फ्लँजच्या ३०० मिमी खालपर्यंत कोपऱ्याचे सांधे फुल पेनिट्रेशन मागितले आहेत आणि त्या पट्ट्याबाहेर फिलेट (कोनात भरलेला) किंवा ग्रूव्ह (खाचेत भरलेला) वेल्ड अखंड असला की चालतो. माझ्याकडून यात एक भर: तळमजल्याच्या कॉलमच्या पायाशीही प्लॅस्टिक हिंज (धातू कायमचा वाकून बिजागरीसारखा फिरणं) होणं अपेक्षित असतं, तेव्हा बेस प्लेटच्या वरचा तुकडाही फुल पेनिट्रेशनच ठेवा. आणि पार्शलवरून फुलवर जाताना ग्रूव्हची खोली एकदम पायरीसारखी बदलू नका, उतार द्या.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. कोपऱ्याच्या फुल पेनिट्रेशनला आतून बॅकिंग पट्टी (वितळलेला धातू अडवणारी) लागते आणि ती कायमची आतच राहते. ती लांबीला समांतर असल्यामुळे तिचा त्रास नाही. पण शॉपमध्ये उरलेले दीड-दोन फुटांचे तुकडे एकापुढे एक ठेवून पट्टी पुरी केली, तर दोन तुकड्यांमधली प्रत्येक फट कॉलमच्या ताणाला बरोबर आडवी येते आणि वेल्ड तिच्यावरूनच जातो. चांगल्या वेल्डच्या पोटात आपण स्वतःच्या हाताने खाच ठेवतो. पट्टी अखंड हवी. जोडायचीच असेल तर आधी तिचे तुकडे आपापसात फुल पेनिट्रेशनने जोडून घासून घ्यावेत. झाकण बसण्याआधी हे स्वतः जाऊन बघा, कारण नंतर कुणालाच दिसणार नाही.

आता बीमचा फ्लँज. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने, तीव्रता ६.७, या जोडाबद्दलचा आमच्या व्यवसायाचा गाढ विश्वास मोडला. लॉस एंजलिस परिसरातली वेल्डेड मोमेंट फ्रेमची एकही इमारत कोसळली नाही, आणि म्हणूनच सुरुवातीला सगळे खुशीत होते. नंतर फायरप्रूफिंग आणि आच्छादनं काढून बघितल्यावर शंभराहून जास्त इमारतींत बीम-कॉलमच्या जोडांना ठिसूळ भेगा सापडल्या. त्यातल्या बहुतेक खालच्या फ्लँजच्या वेल्डपासून सुरू झालेल्या होत्या. खालचाच फ्लँज का, हे समजून घेण्यासारखं आहे. वेल्डर वर बसून खालच्या फ्लँजला वेल्ड मारतो आणि बीमचा वेब (मधली उभी प्लेट) मधे आडवा येतो. प्रत्येक रन नेमका मधोमध, अॅक्सेस होलमध्ये (वेल्डसाठी वेबला पाडलेल्या खाचेत) थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. दोष तिथेच साठतात, आणि वेबमुळे यूटीचा (अल्ट्रासॉनिक तपासणीचा) प्रोबही तिथेच नीट फिरत नाही. त्यात बॅकिंग पट्टी तशीच ठेवलेली. पट्टी आणि कॉलमच्या तोंडामधली फट फ्लँजच्या ओढीला आडवी. आणि वायर ई७०टी-४ वर्गाची, भराभर भरणारी, जिच्या वर्गीकरणात चिवटपणाची अटच नव्हती. मी वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकाच जागी.

त्यानंतरच्या संशोधनातून २००० साली फेमा या अमेरिकी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेची फेमा ३५० ही मार्गदर्शक मालिका आली आणि आजचे नियम तिच्यातून निघाले. तुमच्या ड्रॉइंगवर ते असे उतरायला हवेत: खालच्या फ्लँजची बॅकिंग पट्टी काढायची, मूळ गाउज करून साफ करायचं आणि खालून ८ मिमीचा फिलेट द्यायचा. वरच्या फ्लँजची पट्टी ठेवली तरी चालते, पण ती कॉलमला खालून फिलेटने जोडायची. बीमच्या फ्लँजला मात्र जोडायची नाही. रनऑफ टॅब (वेल्डच्या टोकांना लावलेले जादा तुकडे) कापून कडा घासायच्या. वेल्डच्या धातूला शार्पी (आघाताने तोडून चिवटपणा मोजणाऱ्या) चाचणीत उणे १८ अंश सेल्सियसला २७ ज्यूल, आणि अशा निर्णायक जोडांवर त्याच्या जोडीला २० अंशांना ५४ ज्यूल. स्पेशल मोमेंट फ्रेमच्या (भूकंपासाठीच्या सर्वात कडक श्रेणीच्या) जोडाने ०.०४ रेडियनचा मजल्याचा कल सोसावा अशी अपेक्षा असते. तुमच्या ३.६ मीटरच्या मजल्यात याचा अर्थ वरचा स्लॅब खालच्यापेक्षा १४४ मिमी सरकतो, तेही पुन्हा पुन्हा, दोन्ही बाजूंना. ते डोळ्यांपुढे आणलं की आठ मिमीच्या फिलेटवरून घातलेला वाद लहान वाटतो.

इथपर्यंतचं आय कॉलमलाही लागू आहे. बॉक्समध्ये वेगळं काय, तर ताणाची वाटणी. आय कॉलममध्ये बीमच्या फ्लँजच्या मधोमध मागे कॉलमचा वेब उभा असतो, त्यामुळे आडव्या पट्ट्या नसतील तर ताण मध्यावर साठतो. पेटीत मधे पोकळी आणि भिंती दोन्ही टोकांना. डायफ्राम नसेल किंवा कमजोर असेल तर ताण फ्लँजच्या कडांकडे पळतो, आणि कडा म्हणजे वेल्ड सुरू होण्याची आणि संपण्याची जागा. रनऑफ टॅब न काढण्याची किंमत म्हणूनच बॉक्सला जास्त मोजावी लागते. शिवाय बीमच्या वेबसमोर कॉलमची नुसती मोकळी प्लेट असते. ती वाकते, वेबच्या वाट्याचा मोमेंट घेत नाही आणि तो सगळा फ्लँजच्या वेल्डवर जाऊन पडतो. जपानच्या डिझाइन पद्धतीत वेबची ही घटलेली कार्यक्षमता हिशोबात धरतात. आपल्याकडे ती विसरली जाते, असं मला अनेक कॅल्क्युलेशन शीट तपासताना दिसलंय. उपाय दोन आहेत: समोरची भिंत जाड ठेवणं, किंवा बीमचा फ्लँज जोडापासून थोड्या अंतरावर मुद्दाम कापून बारीक करणं, म्हणजे हिंज तिकडे होतो आणि वेल्डवरची मागणी उतरते. मला दुसरा आवडतो, कारण त्यात वेल्डरच्या हातावर कमी अवलंबून राहावं लागतं.

बॉक्स कॉलमची खरी परीक्षा झाली ती नॉर्थरिजनंतर बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, कोबेत. जपानमध्ये चौकोनी कॉलम आणि दोन्ही दिशांनी मोमेंट फ्रेम हीच रीत. नुकसान झालेल्या ९८८ आधुनिक पोलादी इमारतींची नोंद झाली, त्यांपैकी ९० कोसळलेल्या होत्या. वेल्डच्या प्रकाराबद्दल तिथला धडा अगदी स्पष्ट होता: जिथे कॉलम आणि डायफ्राम यांच्यामध्ये फुल पेनिट्रेशन हवं होतं तिथे नुसता फिलेट मारलेला होता, अशा इमारतींत जोड सरळ सुटले आणि मजले बसले. जिथे फुल पेनिट्रेशन होतं तिथे भेगा बहुधा बीमच्या अॅक्सेस होलच्या टोकापासून सुरू झाल्या, पण त्याआधी धातू बराच ताणला गेला होता. कोबेजवळच्या आशियाहामाच्या उंच निवासी इमारतींत तर सुमारे ५० मिमी जाडीच्या भिंतींचे बॉक्स कॉलम आडवे तुटलेले सापडले, काही वेल्डजवळ, काही सरळ मूळ प्लेटीतून. जाड प्लेट म्हणजे सुरक्षित प्लेट, ही समजूत तिथे संपली.

जपानी रीतीत बहुतेक मध्यम इमारतींना थ्रू-डायफ्राम असतो: कॉलमच कापतात, मधे त्याच्यापेक्षा थोडी मोठी प्लेट घालतात आणि वरून-खालून कॉलमचे तुकडे तिला फुल पेनिट्रेशनने जोडतात. बीमचा फ्लँज त्या बाहेर आलेल्या प्लेटीला जोडला जातो, कॉलमच्या भिंतीला नाही. मूळ बाहेरून बघता येतं, ओढ प्लेटीतून सरळ पलीकडे जाते, भिंत आडवी खेचली जात नाही. कॉलमची मापं थंड फॉर्मिंगच्या तयार चौकोनी ट्यूबमध्ये बसत असतील तर मी हाच प्रकार सुचवीन. फक्त डायफ्राम फ्लँजपेक्षा जाड घ्या, म्हणजे दोन-तीन मिमीची उंच-नीच झाली तरी फ्लँज प्लेटीच्या जाडीतच राहील. आणि अशा ट्यूबचे कोपरे वाकवताना आधीच ताणून कडक झालेले असतात. त्यांच्यावर टॅक (तात्पुरता छोटा) वेल्ड मारू देऊ नका.

तुमचा कॉलम मात्र जाड प्लेटींचा आहे, तेव्हा आतला डायफ्राम आणि पर्यायाने इलेक्ट्रोस्लॅग आलाच. तळाची प्लेट, दोन बाजू आणि डायफ्राम उघड्यावर कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगने जोडता येतात. झाकण बसल्यावर डायफ्रामची उरलेली बाजू जोडायला आत जाता येत नाही. मग डायफ्राम आणि भिंत यांच्यात साधारण २५ मिमीची पोकळी सोडतात, तिच्या दोन बाजूंना बॅकिंग प्लेटी असतात, भिंतींना भोकं पाडून वरून नोझल घालतात आणि वितळलेल्या स्लॅगच्या तळ्यात वायर विरघळवत वेल्ड खालून वर एकाच दमात भरतात. समोरासमोरच्या दोन बाजू असतील तर त्या एकाच वेळी भरायच्या, नाहीतर कॉलम केळ्यासारखा वाकतो.

पद्धत वाईट नाही. जपान आणि तैवानमध्ये उंच इमारतींचे असंख्य कॉलम असेच बनले आहेत. पण तिच्या दोन दुबळ्या बाजू ओळखून असायला हवं. पहिली उष्णता. जपानी रीतीत कॉलम-बीमच्या गॅस शील्डेड वेल्डला दर सेंटिमीटरला ३० ते ४० किलोज्यूलची मर्यादा घालतात. इलेक्ट्रोस्लॅगमध्ये हाच आकडा शेकड्यांत जातो, जाड डायफ्रामला हजाराच्या आसपास. धातू हळूहळू थंड होतो, कण मोठे होतात आणि वेल्डला लागून असलेल्या भिंतीच्या पट्ट्यातला चिवटपणा घसरतो. म्हणून प्लेटच अशी मागवायची की मोठ्या उष्णतेतही तिचे कण टायटॅनियम नायट्राइडसारख्या बारीक कणांनी धरून ठेवलेले राहतात. मिलच्या सर्टिफिकेटवर नुसता ग्रेड बघून हे कळत नाही; उष्णतेने बदललेल्या पट्ट्याची शार्पी वेगळी मागावी लागते.

दुसरी दुबळी बाजू पुन्हा आपली तीच फट. बॅकिंग प्लेटची कड आणि कॉलमची भिंत यांच्यामध्ये, वेल्डच्या दोन्ही अंगांना, एक-एक चीर राहते. ती भिंतीच्या पातळीत असते आणि बीमचा फ्लँज भिंतीला बाहेर खेचतो, म्हणजे ओढ चिरेला बरोबर आडवी. आणि चिरेचं टोक कुठे? त्याच मोठ्या कणांच्या कमजोर पट्ट्यात. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांत तडे नेमके इथून निघालेले दिसतात, आणि बीमचा फ्लँज डायफ्रामच्या मध्यरेषेवरून सरकलेला असेल तर आणखी लवकर. यावरचा तोडगा म्हणजे वितळून एकजीव झालेली रुंदी फ्लँजच्या जाडीपेक्षा भरपूर जास्त ठेवणं आणि मध्यरेषा जुळवणं. झाकण बसायच्या आधी डायफ्रामची मध्यरेषा बाहेरच्या भिंतीवर सेंटर पंचने ठोकून घ्या. रंगाची खूण ब्लास्टिंगमध्ये जाते.

एका कामात मी फॅब्रिकेटरकडून पूर्ण मापाचा नमुना करून घेतला होता. यूटीत काही विशेष निघालं नाही, तरी करवतीने कापायला लावला. नायटलने (सौम्य आम्लाने) घासल्यावर वेल्डचा आकार मस्त पिंपासारखा उमटला, पण एका कोपऱ्यात भिंत वितळलीच नव्हती. नोझल डायफ्रामकडे सरकलं होतं. फॅब्रिकेटर नाराज झाला, मला म्हणाला, "साहेब, टेस्ट पास आहे ना?" तेव्हापासून पहिला नमुना कापल्याशिवाय मी इलेक्ट्रोस्लॅगला परवानगी देत नाही, आणि यूटीत नुसता दोष शोधायचा नाही, भिंतीवर वितळलेली रुंदी कुठून कुठपर्यंत आहे ते मोजून लिहायला लावतो. वेल्ड मधेच थांबला, वीज गेली, नोझल अडकलं, तर तो डायफ्राम बाद धरायचा. दुरुस्तीसाठी भिंत बाहेरून कापावी लागते, पण त्याला इलाज नाही.

समोरच्या भिंतीबद्दल आणखी एक: ती जाडीच्या दिशेने ओढली जाते, म्हणून तिच्यात आतल्या आत थर सुटण्याचा धोका असतो. जोडाच्या पट्ट्यातल्या भिंतींसाठी झेड२५ किंवा झेड३५ दर्जाची (जाडीच्या दिशेने ताणून तपासलेली) प्लेट मागवा, आणि कापण्याआधी यूटी करून घ्या.

कॉलमचा मजल्यांमधला जोड बाहेरूनच, आत कायमची बॅकिंग ठेवून करावा लागतो, आणि तिथे फट कॉलमच्या ताणाला आडवी असते. ती टाळता येत नाही, म्हणून जागा बदला: बीमच्या फ्लँजपासून निदान १.२ मीटर दूर, शक्यतो मजल्याच्या मध्यावर, जिथे मोमेंट लहान असतो. तिथे पार्शल पेनिट्रेशनने पैसे वाचवायचा मोह मात्र धरू नका.

तेव्हा तुमच्या ड्रॉइंगवर: बीमच्या पट्ट्यात ३०० मिमी वर-खाली आणि पायाशी कोपरे फुल पेनिट्रेशन, मधल्या उंचीत पार्शल. डायफ्राम बीमच्या फ्लँजपेक्षा एक माप जाड, झाकणाकडची बाजू इलेक्ट्रोस्लॅग, कापलेल्या नमुन्यानंतरच. बीमचे फ्लँज फुल पेनिट्रेशन, खालची बॅकिंग काढून. आणि फॅब्रिकेटरला आजच फोन करून विचारा की कोपऱ्यांच्या बॅकिंग पट्ट्या तो किती लांबीच्या मागवतोय.